राजाची रिकामी तिजोरी आणि प्रजेची संमती

लोकशाहीचा इतिहास सांगावयाचा झाला की आपली क्रमिक पुस्तके बहुधा तत्त्वज्ञांपासून आरंभ करतात. लॉकने असे म्हटले, माँटेस्क्यूने तसे प्रतिपादिले, रूसोने सामाजिक कराराचा सिद्धान्त मांडला, आणि मग जणू त्या ग्रंथांच्या पानांतून उतरून संसद, मंत्रिमंडळ व न्यायालय या संस्था आपापल्या जागी येऊन बसल्या, असा विद्यार्थ्याचा समज होतो. विचारवंतांचे ऋण नाकारण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या इंग्लिश संसदेचा कित्ता पुढे अनेक देशांनी गिरवला, ती लॉकच्या जन्मापूर्वी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ भरत होती, आणि ती भरवण्याची बुद्धी राजांना झाली ती प्रजेच्या कळवळ्याने नव्हे, तर खजिन्यात खडखडाट झाला म्हणून. राज्यसत्तेवर प्रजेचा अंकुश कसा बसला, या प्रश्नाचे सर्वांत रूक्ष, परंतु माझ्या मते सर्वांत खरे उत्तर करवसुलीच्या इतिहासात दडलेले आहे.

मध्ययुगीन युरोपात राजाने आपला संसार आपल्याच मिळकतीवर चालवावा, अशी अपेक्षा असे. खालसा जमिनींचा वसूल, सरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाकडून घ्यावयाचा नजराणा, बंदरांवरील जकात आणि न्यायासनासमोर वसूल होणारे दंड एवढ्यावर दरबारचा खर्च शांततेच्या काळी कसाबसा भागत असे. प्रश्न उभा राही तो युद्ध आले म्हणजे. आणि युद्ध तर बारमाही होते. मग जादा पट्टी बसवावयाची, ती कोणाच्या अनुमतीने, हा वाद सुरू होई.

इंग्लंडचा राजा जॉन याच्यावर हा प्रसंग फार कठोरपणे आला. १२०४ साली नॉर्मंडीचा प्रदेश त्याच्या हातून गेला, तो परत मिळवण्यासाठी त्याने फौजेच्या चाकरीऐवजी द्यावयाच्या रकमा सरदारांकडून वारंवार व वाढत्या दराने उकळल्या, आणि १२१४ च्या जुलैत बूव्हीनच्या रणांगणावर त्याच्या मित्रपक्षांचा पराभव झाला तेव्हा तो सारा पैसा पाण्यात गेला. पैसाही गेला आणि मुलूखही गेला, असा राजा सरदारांनी किती दिवस सहन करावा? १५ जून १२१५ रोजी टेम्स नदीच्या काठी, विंडसर आणि स्टेन्स यांच्या दरम्यान रनीमीड नावाच्या कुरणात, जॉनने सरदारांच्या मागण्या मान्य केल्या आणि त्या सनदेवर राजमुद्रा उमटली. हीच मॅग्ना कार्टा.

या सनदेविषयी पुढे इतके भक्तिभावाने लिहिले गेले आहे की तिचे मूळ स्वरूप झाकले गेले. चर्मपत्रावर लॅटिनमध्ये सलग लिहिलेला तो मजकूर आहे. आज आपण ज्यांना कलमे म्हणतो त्यांचे क्रमांक पुढच्या अभ्यासकांनी घातले. बराचसा भाग वारसाहक्क, विधवांची मिळकत, सावकारी कर्ज, नद्यांतील मासेमारीचे बंधारे अशा व्यावहारिक तक्रारींनी भरलेला आहे. सामान्य कुळाला तिच्यातून फारसे काही मिळाले नाही. परंतु बाराव्या कलमात एक गोष्ट स्पष्ट नोंदली गेली : राजाच्या सुटकेची खंडणी, त्याच्या ज्येष्ठ पुत्राला सरदारकी बहाल करण्याचा समारंभ आणि ज्येष्ठ कन्येचा पहिला विवाह, हे तीन प्रसंग सोडले तर राज्याच्या सर्वसाधारण सल्लामसलतीवाचून जादा पट्टी बसवता येणार नाही. आणि हा सल्ला घ्यावयाचा कसा, हेही चौदाव्या कलमात सांगितले : मोठ्या सरदारांना व धर्मगुरूंना नावानिशी पत्रे, इतरांना शेरीफांमार्फत सामुदायिक निमंत्रण, आणि सभेपूर्वी किमान चाळीस दिवसांची सूचना. चाळीस दिवसांचा हा हिशेब वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण चार शतकांनंतर एका खटल्यात त्याचे मोल कळून येते.

अडीच महिन्यांच्या आतच पोप तिसऱ्या इनोसंटने ही सनद रद्दबातल ठरवली, पुढच्या वर्षी जॉन मरण पावला, आणि त्याच्या अल्पवयीन मुलाच्या नावे सनद पुन्हा काढण्यात आली तेव्हा बारावे कलम नेमके गाळले गेले. म्हणजे कागदावरचा हक्क पुसला गेला, परंतु वहिवाट मात्र राहिली, आणि त्याचे कारण व्यावहारिक होते. राजाजवळ गावोगाव फिरून कर गोळा करणाऱ्या पगारी कारकुनांचा ताफा नव्हता. परगण्यापरगण्यांतून आकारणी करावयाची ती तिथल्याच प्रतिष्ठित जमीनदारांनी, आणि वसूल आणून द्यावयाचा तोही त्यांनीच. ज्यांच्या हातून वसुली व्हावयाची त्यांचा होकार आधी घेतलेला बरा, हे शहाणपण कोणत्याही ग्रंथावाचून राजांना उमगले. १२६५ साली राजाविरुद्ध बंड करून सत्ता हाती घेतलेल्या सायमन दी माँटफर्टने सरदारांच्या जोडीला परगण्यांचे व शहरांचे प्रतिनिधी बोलावले, त्यामागे पाठबळाची गरज होती. तीस वर्षांनी, १२९५ मध्ये, पहिल्या एडवर्डने प्रत्येक परगण्यातून दोन आणि प्रत्येक शहरातून दोन असे प्रतिनिधी पाचारण केले, ते फ्रान्स, स्कॉटलंड आणि वेल्स अशा तीन आघाड्यांवर खर्च चालू होता म्हणून. गावची कामे सोडून, पदरचे हाल सोसून वेस्टमिन्स्टरला जाणे हा त्या काळी मान नसून उपद्व्यापच वाटत असे.

परंतु एकदा मंडळी एकत्र बसली की नुसते होय म्हणून उठत नाहीत. चौदाव्या शतकात त्यांनी राजापुढे तक्रारअर्ज ठेवावयास आरंभ केला, आणि आधी गाऱ्हाण्यांचा निकाल, मग रकमेची मंजुरी, असा परिपाठ हळूहळू रूढ झाला. पुढे त्या अर्जांना विधेयकाचे रूप आले. कायदे करण्याचा संसदेचा अधिकार असा पैशाच्या देवघेवीतून उगवला, ही गोष्ट नागरिकशास्त्र शिकवताना सहसा कोणी सांगत नाही.

येथे शंका येईल की तिजोरी तर साऱ्याच राजांची रिकामी होत असे. मग सगळीकडे संसद का निर्माण झाली नाही? फ्रान्समध्ये पंधराव्या शतकात राजाने इंग्रजांविरुद्धच्या युद्धाच्या निमित्ताने जमीनदार वर्ग वगळून रयतेवर कायमचा कर बसवला; त्यासाठी दरवर्षी कोणाला विचारण्याची गरज उरली नाही, आणि ज्यांच्या विरोधाला धार होती ते सरदार करमुक्त असल्यामुळे स्वस्थ राहिले. आपल्याकडे पहावे तर पहिला बाजीराव आयुष्यभर कर्जात बुडालेला होता आणि धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून त्याने सावकारांच्या तगाद्याचे दुःख वर्णिले आहे. परंतु पेशव्याने पैसा उभा केला तो सावकारांकडून, आणि त्याची भिस्त होती ती परमुलखातून येणाऱ्या चौथाई-सरदेशमुखीवर. स्वराज्यातील वतनदारांची सभा भरवून त्यांच्याकडे पट्टीची मागणी करण्याचा प्रसंग न आल्यामुळे अशा सभेची परंपराही येथे रुजली नाही. ज्या राजाला आपल्याच प्रजेपुढे हात पसरल्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच राजाला प्रजेचे ऐकावे लागले.

या कलहाचा परमोत्कर्ष सतराव्या शतकात, पहिल्या चार्ल्सच्या कारकीर्दीत झाला. आयात-निर्यातीवरील जकात नव्या राजाला हयातभरासाठी मंजूर करण्याची प्रथा होती. १६२५ साली कॉमन्स सभेने ती चार्ल्सला एका वर्षापुरतीच देऊ केली. राजाने मंजुरी नसतानाही जकात घेणे चालू ठेवले, वर सक्तीचे कर्ज काढले, आणि ते न देणाऱ्यांना कारण न सांगता बंदीत टाकले. १६२८ च्या ‘हक्कांच्या अर्जा’त संसदेने सक्तीचे कर्ज आणि अशी कैद या दोन्ही गोष्टी बेकायदा असल्याचे राजाकडून कबूल करून घेतले, राजाने होकार दिला आणि वर्षाच्या आत तो होकार गुंडाळून ठेवला. २ मार्च १६२९ रोजी राजाज्ञेप्रमाणे सभा तहकूब करण्यासाठी सभापती फिंच आसनावरून उठू लागला, तेव्हा दोन सभासदांनी त्याला धरून पुन्हा खुर्चीत दाबून बसवले, दाराला आतून कुलूप घातले, आणि संसदेच्या मंजुरीवाचून जकात घेणारा व देणारा हे दोघेही राज्याचे शत्रू होत, असा ठराव त्या गोंधळातच संमत झाला. सभापती हा त्या काळी अजून बराचसा राजाचा माणूस होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या झटापटीचा अर्थ कळतो. ठरावाचा कर्ता सर जॉन एलियट तीन वर्षांनी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच वारला.

त्यानंतर अकरा वर्षे चार्ल्सने संसद बोलावलीच नाही. पैसा कोठून आणावा, या विवंचनेत असलेल्या त्याच्या सल्लागारांना एक जुनी तरतूद सापडली : युद्धकाळी बंदरांनी राजाला जहाजे पुरवावीत, नाही तर त्यांची किंमत द्यावी. १६३४ मध्ये बंदरांवर ही जहाजपट्टी बसली, आणि पुढल्याच वर्षी समुद्र ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता अशा आतल्या परगण्यांवरही ती लादण्यात आली. बकिंगहॅमशायरमधील जॉन हॅम्पडेन हा सधन जमीनदार होता. त्याच्या एका जमिनीवर आकारलेली रक्कम अवघी वीस शिलिंग होती, आणि ती भरण्यास त्याने नकार दिला. वीस शिलिंगांसाठी बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला. राजाच्या बाजूचे म्हणणे असे की राज्यावर संकट आले आहे, आणि संकट आले की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या राजाचा. त्यावर हॅम्पडेनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याने शांतपणे तारखा पुढे केल्या. राजाचे फर्मान ऑगस्टमधले आणि जहाजे हजर करावयाची ती पुढच्या मार्चमध्ये. ज्या संकटाला सात महिने थांबण्याची सवड होती, त्याला चाळीस दिवसांची सूचना देऊन संसद बोलावण्याइतकी सवड का नसावी? मला तर असे वाटते की घटनाशास्त्रावरील अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा हा एक युक्तिवाद अधिक वजनदार आहे. १६३८ मध्ये निकाल राजाच्या बाजूने लागला, परंतु सात विरुद्ध पाच असा. आणि राजाच्या मर्जीने नेमलेल्या न्यायाधीशांपैकी पाचांनी विरुद्ध मत द्यावे, याचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला. जहाजपट्टीची वसुली त्यानंतर झपाट्याने घसरली.

पुढचा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. स्कॉटलंडवर इंग्लिश धर्तीचे प्रार्थनापुस्तक लादण्याच्या हट्टातून युद्ध उद्भवले, युद्धासाठी पैसा हवा म्हणून १६४० साली दोनदा संसद बोलवावी लागली, दुसऱ्या संसदेने जहाजपट्टी बेकायदा ठरवली, १६४२ मध्ये यादवी पेटली, हॅम्पडेन दुसऱ्याच वर्षी लढाईत जखमी होऊन मरण पावला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. एवढे मात्र सांगितले पाहिजे की राजा गेल्याने प्रश्न सुटला नाही. राजानंतर सत्ता हाती घेतलेल्या क्रॉमवेलनेही १६५५ साली आपल्या लष्करी सुभेदारांकरवी राजपक्षीयांच्या उत्पन्नाचा दशांश संसदेच्या अनुमतीवाचूनच वसूल केला. संमतीवाचून कर घेण्याचा मोह मुकुटाबरोबर जात नाही.

पुढे राजेशाही परतली, परंतु खरी घडी बसली ती १६८९ साली. विल्यम व मेरी यांना सिंहासनावर बसवताना जी हक्कांची सनद मान्य करून घेण्यात आली, तिच्यात संसदेच्या मंजुरीवाचून, किंवा मंजूर केलेल्या मुदतीहून अधिक काळ, राजासाठी पैसा वसूल करणे बेकायदा ठरले; शांततेच्या काळी संसदेच्या अनुमतीवाचून खडी फौज बाळगणेही बेकायदा ठरले. परंतु अशी वचने पूर्वीच्या राजांनीही दिली होती. त्यामुळे या वेळी संसदेने शब्दांवर न विसंबता रकमेवरच मुदत घातली. जकात चार वर्षांपुरती दिली, फौजेच्या शिस्तीचा कायदा अल्प मुदतीचा करून वारंवार नव्याने मंजूर करण्याची पद्धत पाडली, आणि परिणामी ज्या वर्षी संसद भरणार नाही त्या वर्षी राज्य चालणार नाही, अशी स्थिती निर्माण झाली. १६८९ पासून इंग्लंडची संसद भरली नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.

याचा एक परिणाम असा झाला की त्याची अपेक्षा बहुधा कोणीच केली नसेल. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने सावकारांची देणी एका हुकमाने थोपवून धरली होती. अशा राजाला चढ्या व्याजाशिवाय कोण कर्ज देईल? आता कर्जाला संसदेची हमी मिळू लागली, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन होऊन तिने सरकारला बारा लाख पौंड आठ टक्क्यांनी दिले, आणि पुढच्या अर्धशतकात सरकारला तीन टक्क्यांनी पैसा मिळू लागला. अठराव्या शतकात इंग्रज मनुष्य, करांच्या ओझ्याखाली चिरडलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच मनुष्यापेक्षा, डोईमागे अधिक कर भरत होता, आणि बंड न करता भरत होता. संमतीने राज्य दुबळे होत नाही, उलट सबळ होते. मात्र ते बळ कोठे वापरले गेले हा प्रश्न आपण, ज्यांच्यावर ते वापरले गेले, त्यांनी विसरू नये.

कारण १७६५ हे वर्ष पहावे. त्या वर्षी संसदेने अमेरिकन वसाहतींवर कागदपत्रांच्या मुद्रांकाचा कर बसवला, आणि ज्या संसदेत आमचा प्रतिनिधी नाही तिला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही, असे हॅम्पडेनच्याच परंपरेतील उत्तर वसाहतवाल्यांनी दिले. त्याच वर्षी अलाहाबादेस बादशहा शाह आलमकडून ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, बिहार व ओरिसा या सुभ्यांची दिवाणी मिळवली. बंगालच्या रयतेला कोणी काही विचारले नाही. १७७० च्या भीषण दुष्काळातही वसुलीचा तगादा सुटला नाही. अमेरिकनांनी मात्र १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात याच कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात बुडवल्या, आणि त्या कलहाचा शेवट स्वातंत्र्ययुद्धात झाला. त्या युद्धात अमेरिकनांना मदत करताना फ्रान्सचा खजिना पुरता खचला, १६१४ नंतर कधीच न भरलेली प्रतिनिधिसभा ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला बोलवावी लागली, आणि त्या सभेतील सामान्य प्रजेच्या तिसऱ्या वर्गाने १७ जूनला स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेताच पहिल्याच दिवशी जाहीर केले की राष्ट्राच्या संमतीवाचून घेतले जाणारे सारे कर बेकायदा आहेत. ही सभा भरलेली आहे तोवरच ते तात्पुरते चालू राहतील. बॅस्टिलच्या तुरुंगावरील हल्ल्याची हकीगत सर्वांना पाठ असते. राजाने सभा मोडली तर त्याची करवसुली त्याच क्षणी अवैध ठरेल, अशी तजवीज करणारा हा ठराव त्याच्या जवळजवळ चार आठवडे आधीचा आहे, आणि अधिक चतुरही आहे.

हिंदुस्थानात पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सनने १८६० साली मांडला. त्यात प्राप्तिकर होता, संमतीचा प्रश्नच नव्हता. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, मत देण्याची नाही. या तुटपुंज्या मुभेचा उपयोग कसा करावा हे १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवले. सरकार खजिन्यातील शिलकेचा अभिमान मिरवत असताना, दुष्काळाने पोळलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे ही शिल्लक दिसते आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले आणि मिठावरील करावर बोट ठेवले. मिठाचा तो कर दुसऱ्याच वर्षी मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९१९ च्या सुधारणांनंतर मताचा अधिकार मिळाला, परंतु लष्करासारखी मोठी खाती त्याबाहेर ठेवून; आणि १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने करांचे विधेयक फेटाळले, तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात ते कायम केले. हक्कांच्या अर्जाला तीनशे वर्षे होत आली होती आणि तो अर्ज राजाकडून मान्य करून घेणाऱ्यांच्याच वंशजांची ही करणी होती.

१९५० साली अंमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात हा सारा इतिहास एका वाक्यात सामावला आहे : कायद्याने दिलेल्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही. बारकाईने पाहण्याजोगी आहे ती त्यामागची कार्यपद्धती. जमलेला पैसा एकत्रित निधीत जातो, आणि त्यातून एक रुपया काढावयाचा तरी विनियोजनाचा कायदा लागतो. प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी लोकसभेपुढे, राज्यात विधानसभेपुढे, स्वतंत्रपणे ठेवली जाते. राज्यसभेला अशा मागण्यांवर मत नाही. सभासदाला एखाद्या खात्याचे धोरणच अमान्य असेल तर त्याने ती मागणी एक रुपयावर आणावी अशी कपातसूचना द्यावयाची, आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगावयाचे असेल तर शंभर रुपये कमी करावे अशी. आधी गाऱ्हाणे, मग मंजुरी, हा चौदाव्या शतकातला परिपाठ या शंभर रुपयांत जिवंत आहे.

तो परिपाठ आज कितपत पाळला जातो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकल्या जातात, आणि हजारो कोटींच्या रकमा काही मिनिटांत मंजूर होतात. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या पुरवणी मागण्यांची गत बहुधा त्याहून बरी नसते. नियमात याला आधार आहे, परंतु ज्या हक्कासाठी एलियट कैदेत मेला त्याचा असा उपयोग पाहून समाधान वाटत नाही. विद्यार्थ्याने नागरिकशास्त्राचा अभ्यास म्हणून येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शिक्षण किंवा पाणीपुरवठा असे एकच खाते निवडावे. त्याची मागणी किती रकमेची होती, तिच्यावर किती तास चर्चा झाली, कपातसूचना कोणी दिल्या, आणि पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात त्या खर्चाविषयी काय शेरे आले, एवढे टिपून ठेवावे. ही सारी कागदपत्रे सभागृहापुढे मांडली गेल्यावर कोणालाही वाचता येतात.